धोतरावरचा सिनेमा

आमच्या घरी सिनेमा आला तो एस.टी.नं आला. यंत्र आमच्या ह्यांच्या मांडीवर, फितीचे चपटे डबे ट्रंकेत, ट्रंक टपावर आणि ट्रंकेच्या शेजारी कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं. हे पलटणीत होते, जबलपूरला. तिथल्या एका साहेबाची लांब कुठंतरी बदली झाली आणि त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. कुणी पंखा घेतला, कुणी खुर्च्या घेतल्या. आमच्या ह्यांनी घरात सिनेमा दाखवायचं यंत्र घेतलं. खुर्ची घेतली असती तर निदान बसायला झाली असती, असं आमच्या सासूबाईंचं पहिलं मत पडलं. मी त्यांना आत्या म्हणायची. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे.

आता लोक घरात लोळत सिनेमा बघतात, बघता बघता जेवतात, जेवता जेवता झोपतात आणि सकाळी उठून सांगतात की सिनेमात काही दम नव्हता. माझं काही म्हणणं नाही. पण मी सांगते ते दिवस वेगळे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. सिनेमा बघायचा तर कराड गाठायचं, नाहीतर सांगली गाठायची, नाहीतर जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसायचं. सिनेमा आपल्या घरी येतो, तोही पेटीत बसून, हे कुणाला खरं वाटेना. पलीकडच्या घरातल्या काकी तर डबा कानाशी धरून हलवून बघत होत्या. आत काही वाजत नाही म्हणून त्यांची निराशा झाली.

ह्यांनी ते यंत्र का आणलं हे मला माहीत होतं आणि आत्यांनाही माहीत होतं. ह्यांना बायको घेऊन राहायला सरकारी क्वार्टर मिळणार होती. दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा. सुट्टी संपायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एका छपराखाली किती राहिलो ते मी कधी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर रडू आलं असतं. मला जायचं होतं. लय जायचं होतं. पण ह्या घरात पलटणीतल्या माणसाची बायको गावातच राहायची. आत्यांची सासू राहिली, आत्या राहिल्या, मामा पेन्शन घेऊन आले तेव्हा कुठं त्यांचा संसार सुरू झाला.

ह्यांनी आल्या दिवशीच विषय काढला. आत्यांनी विचारलं, तिथं दिवसभर ही पोरगी करणार काय आणि बोलणार कुणाशी, भिंतीशी? हे म्हणाले, तिथं बायका जमतात, सण होतात, घरात बसून सिनेमासुद्धा बघतात. आता बोलून काय सांगू, दाखवतोच. आत्यांनी भाकरीचं पीठ मळता मळता मान हलवली.

"दाव तर खरं," त्या म्हणाल्या. "बघते आन् मग सांगते."

म्हणजे माझं जाणं-न जाणं आता सिनेमावर होतं. आणि मजा अशी, की डब्यांवर ज्याचं नाव होतं तो सिनेमा गावात फक्त मी एकटीनं पाहिला होता. माझं माहेर सांगलीजवळचं. माझी मावशी सांगलीतच राहायची, तिचे यजमान कुपवाडला एका कारखान्यात होते. लग्नाआधी मावशीनं मला त्या सिनेमाला नेलं होतं. जादूचा सिनेमा होता, लेकरंबाळं घेऊन जावं असा. एक राजा, त्याची राणी, सात समुद्रापलीकडचा राक्षस, भोयांशिवाय उडणारी पालखी. राणीचं लुगडं डाळिंबी रंगाचं होतं आणि राक्षस हिरवागार. तळ्यातल्या हंसांचं एक गाणं होतं, ते ऐकून मावशी तिथंच पदर तोंडाला लावून रडली. मी नाही रडले, मी शेंगा खात होते. पण तो सिनेमा माझ्या डोळ्यांत असा भरला होता की त्यानंतर कितीतरी महिने मला डाळिंबी रंगच आवडायचा.

हेच सगळं मी गल्लीत सांगून ठेवलं. माझीच जीभ मला नडणार आहे हे तेव्हा कळलं नाही. बायकांच्या मनात आता सांगलीचा सिनेमा बसला होता आणि आमच्या डब्यात काय होतं ते देव जाणे.

दिवस ठरला तो श्रावणातला शुक्रवार. ह्यांनी ठरवला, कारण दुपारी वीज बरी असायची. संध्याकाळी मळ्यांतल्या मोटारी चालू झाल्या की आमच्या घरातला दिवा लाल व्हायचा. पण श्रावणी शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या माजघरात कहाणी ऐकायला जमायच्या. कहाणी आत्या सांगायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण सगळ्या वारांच्या कहाण्या तोंडपाठ होत्या. आणि त्यांचा नियम कडक. हातात तांदूळ घेऊन बसायचं, कहाणी पुरी झाली की देवीवर टाकायचे. मधे उठायचं नाही. दारात गाय सुटो नाहीतर पोर रडो. अर्धी सोडलेली कहाणी माणसाच्या मागं लागते, असं त्या म्हणायच्या, आणि कुणाकुणाच्या मागं लागली त्यांची उदाहरणंही द्यायच्या.

तर शुक्रवारी सिनेमा म्हटल्यावर आत्यांनी लेकाला एकच विचारलं, त्यात देव आहे का. हे म्हणाले, देवी आहे. मी पण पटकन म्हणाले, आहे, चांगली चार हातांची आहे. आत्यांनी जरा विचार केला.

"देवी हाय म्हंजे ती कहानीच झाली," त्या म्हणाल्या. "बायकांस्नी सांगा, तांदूळ घेऊन या."

मग काय, सगळी गल्ली आली. माजघराच्या खिडकीला घोंगडं टांगलं, दाराला दुसरं टांगलं. पडद्याला मामांचं नवं धोतर. मामांनी ते जत्रेसाठी घडी करून ठेवलं होतं, त्यामुळं त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. धोतरावर राक्षस नाचणार हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी त्यांना दाराचं घोंगडं धरून बसायचं काम दिलं. उजेड आत येऊ द्यायचा नाही, पोरांना आत सोडायचं नाही. पलटणीतला माणूस, पहारा म्हटल्यावर खूश झाला आणि मिशीला पीळ देऊन बसला.

बायका ओळीनं बसल्या. प्रत्येकीच्या मुठीत तांदूळ. ह्यांनी बटण दाबलं, यंत्र शिवणाच्या मशीनसारखं खडखडायला लागलं आणि धोतरावर पांढरा चौकोन पडला. बायकांनी हात जोडले. अजून त्यात काहीच नव्हतं, तरी जोडले.

मग चित्र आलं. चित्र केवढं, तर परातीएवढं. रंग नाही, सगळं काळंपांढरं. आवाज नाही, गाणं नाही, हंस तर नाहीतच. सांगलीत दोन तास चाललेल्या सिनेमाची कुणीतरी कात्री लावून चिंधी केलेली. राजा महालातून निघाला तो लगेच जंगलात पोचला, मधला रस्ता कुठं गेला कळेना.

"रंग कुठं गेला गं?" काकींनी मला विचारलं. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. आत्याही वळल्या.

मी सिनेमाची जाणकार. खरं बोलायचं तर म्हणायला हवं होतं, बायांनो, हा सिनेमा नव्हे, सिनेमाची रद्दी आहे. पण माझी क्वार्टर डोळ्यांसमोर होती. मी म्हणाले, काळंपांढरं डोळ्यांना गार वाटतं. काकी म्हणाल्या, मग तुझं डाळिंबी लुगडं कुठलं ते कसं ओळखायचं? मी म्हणाले, काळं दिसतंय तेच डाळिंबी. मग काय विचारता. पुढं प्रत्येक काळ्या वस्तूला बायका डाळिंबी म्हणायला लागल्या. डाळिंबी घोडा, डाळिंबी म्हातारा, डाळिंबी म्हैस. म्हैस कशी आली ते मला अजून ठाऊक नाही, सांगलीत नव्हती.

मधे मधे इंग्रजी अक्षरं यायची. ह्यांनी ती वाचून सांगायचं ठरलं होतं. पहिली अक्षरं आली तेव्हा ह्यांनी ओठ हलवले आणि सांगितलं, राजा म्हणतोय मी जातो. दुसरी आली तेव्हा सांगितलं, राणी म्हणतेय जा. तिसरी चांगली चार ओळींची होती, त्यावर हे म्हणाले, राजा म्हणतोय बरं. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. आत्यांनी अंधारात हात वर केला.

"तू यंत्र बघ," त्या लेकाला म्हणाल्या. "कहानी मी सांगते."

आणि तिथून त्या सिनेमाला जो रंग चढला तो सांगलीलासुद्धा नव्हता. आत्यांनी गळा साफ केला आणि आटपाट नगरापासून सुरुवात केली. तिथं एक राजा होता, त्याला पलटणीतनं बोलावणं आलं. बायकांनी माना हलवल्या, हे त्यांना लगेच पटलं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतला कुणी ना कुणी पलटणीत होता. पालखी उडाली तेव्हा काकींनी विचारलं, भोई कुठं गेले? आत्या न थांबता म्हणाल्या, सुट्टीवर गेलेत. राक्षस आला. सांगलीत तो ताडासारखा होता, इथं भाकरीएवढा. धोतराला एका कोपऱ्यात रफू होतं, राक्षसाचा डोळा नेमका त्या रफूवर आला आणि तो तिरळा दिसायला लागला. घोंगड्यामागून मामा डोकावले आणि म्हणाले, नव्या धोतराला रफू कुणी केलं?

पहिली फीत संपत आली तेव्हा काकींनी हट्ट धरला, राणीच्या गळ्यातला दागिना नीट बघायचा आहे, जरा थांबव. हे भिडेला पडले आणि यंत्र थांबवलं. राणी धोतरावर उभी राहिली. बायका पुढं सरकून ठुशी की चिंचपेटी ते बघायला लागल्या आणि तेवढ्यात राणीच्या हनुवटीखाली तपकिरी डाग पडला, पसरला, मधे भोक झालं आणि राणी जळाली. दिव्याच्या उष्णतेनं फीत जळते, थांबवायची नसते. ह्यांनी कपाळावर हात मारला. आत्या मात्र शांत होत्या. राक्षसानं जाळ सोडला, पण राणी सती, तिला आच लागली नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. ह्यांनी जळकी फीत कापून चिकटवली, राणी पुन्हा उभी राहिली आणि बायकांना आत्यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं.

दुसऱ्या फितीत राजा राक्षसाच्या कैदेत आणि राणी महालाच्या खांबाला टेकून उभी. चित्रात ती नुसती उभी होती, दागिने घालून. सांगलीत इथं गाणं होतं. पण आत्यांचा आवाज इथं बदलला. राणी पहाटे उठायची, दळायची, म्हशीची धार काढायची, सासू-सासऱ्याचं बघायची. राजाची मनीऑर्डर यायची.

"पर मनीआर्डर काय बोलती का?" आत्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मी शेजारच्या बाईकडं बघितलं तर ती धोतराकडं एकटक बघत होती. तिचा नवरा तेव्हा कुठंतरी डोंगरात, बर्फात होता. मलाही हसू आलं नाही. मला एकदम वाटलं की ह्या सिनेमाचं मी सांगलीत काहीच बघितलं नव्हतं, नुसते रंग बघितले होते.

मग देवी आली, चारही हात होते, माझी लाज राखली. देवीनं राणीला सांगितलं, तू स्वतः जा. राणी निघाली, समुद्रापर्यंत आली आणि फीत संपली. पांढरा चौकोन. ह्यांनी तिसरा डबा उघडला, त्यावर तोच सिनेमा असल्याची चिठ्ठी होती. फीत चढवली. बायकांच्या मुठी आवळलेल्याच.

धोतरावर एक बंगला दिसला. बंगल्यापुढं कुंड्या. एक बाई आली, केस कापलेले, बिनबाह्यांचं पोलकं. एक गुबगुबीत पोरगं आलं. टेबलावर मोठा केक आणि त्यावर मेणबत्त्या.

"रानीनं केस कवा कापलं?" काकींनी विचारलं.

दुसरी म्हणाली, समुद्राच्या पाण्यानं गेले असतील. तिसरीला प्रश्न पडला की पोर कधी झालं, राजा तर कैदेत आहे. ह्यांच्या मात्र लक्षात आलं आणि ते बटणाकडं धावले. ते म्हणाले, आई, घोटाळा झाला, ह्या डब्यात साहेबाच्या घरची फीत आहे. ही साहेबाची मेमसाब आणि हा त्याचा पोरगा. साहेबानं घरच्या घरी काढलेलं आहे हे. सिनेमाचा शेवट बहुतेक साहेबाबरोबरच गेला.

"बंद करू नगंस," आत्या म्हणाल्या. "कहानी अर्धी हाय. बायकांच्या हातात तांदूळ हायती."

आता आली का पंचाईत. समुद्राच्या काठावर राणी उभी आणि राजा पलीकडं. बायका चुळबुळायला लागल्या. काकी माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, तू बघितलाय ना सगळा, शेवट तू सांग. मी तोंड उघडणार तोच आत्यांचा आवाज आला.

"तिला नगा इचारू. ती तिच्या सोयीचं सांगंल."

सगळं माजघर हसलं. घोंगड्यामागून मामासुद्धा हसले. माझे कान तापले. राग आला मला, खोटं कशाला सांगू. इतका वेळ काळ्याला डाळिंबी म्हणून मी त्यांच्या लेकाची बाजू सावरत होते आणि त्यांना सगळं कळत होतं. निकाल लागला असं मी मनात धरलं आणि तांदूळ इतके घट्ट आवळले की तळहाताला टोचले.

यंत्र चालूच होतं. मेमसाबनं केक कापला. बायकांनी नाकं मुरडली, पोराच्या तोंडावर दिवे विझवतात म्हणजे काय, आपण ओवाळताना लावतो. मग केक गेला, टेबल गेलं. बहुतेक दुसऱ्या कुठल्या दिवशीची फीत असावी. साहेब कडक कपड्यांत सायकलवर बसून फाटकाबाहेर गेला. मग उजेड वेगळा झाला, सावल्या लांब झाल्या, आणि साहेब त्याच फाटकातून परत आला. मेमसाब व्हरांड्यातून पाण्याचा पेला घेऊन आली. तो उभ्यानंच पाणी प्याला, पेला परत देऊन पायरीवर बसला आणि बूट सोडायला लागला. ती शेजारी बसली. काहीतरी बोलली, तो हसला. बास, एवढंच होतं. ना राक्षस, ना पालखी. पण एकही बाई धोतरावरची नजर काढेना. यंत्राची खडखड तेवढी चालू.

"रोज येतो व्हय रं ह्यो घरला?" आत्यांनी अंधारात विचारलं.

ह्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, ड्युटी सुटली की येतो.

"रोज?"

"रोज, आई. क्वार्टरमधले सगळेच येतात."

मग आत्यांनी कहाणी पुढं नेली, पण इतक्या हळू आवाजात की मागच्या बायका पुढं सरकल्या. राणी समुद्र ओलांडून गेली. राक्षसाचं काय झालं ते त्यांनी सांगितलंच नाही, आणि आश्चर्य म्हणजे कुणी विचारलंही नाही. राणी राजापाशी पोचली आणि तिथंच राहिली. तो सकाळी कामाला जायचा आणि दिवस मावळायला घरी यायचा. जसं तिला लाभलं तसं सगळ्यांना लाभो, असं म्हणून त्यांनी कहाणी पुरी केली.

बायकांनी तांदूळ टाकले. देवी धोतरावर नव्हती, साहेब आणि मेमसाब होते, त्यांच्यावरच पडले. निम्मे यंत्रावर पडले आणि त्यातला एक दाणा आत जाऊन ते कचकन थांबलं. हे पुढं दोन दिवस तो दाणा दाभणानं काढत बसले होते.

मग घोंगडी काढली, दूध आणि फुटाणे वाटले आणि बायकांनी सिनेमाचा निकाल दिला. काकी म्हणाल्या, राक्षस बारका आहे, पण शेवट झ्याक. दुसरी म्हणाली, हे बेतानं केलेलं आहे, घरच्या भाजीसारखं, मसाला कमी पण पोटाला बरं. कुणालाच सांगलीचा सिनेमा आठवला नाही. मीच आपली हंसांची आठवण काढत बसले होते. एकीनं तर मला विचारलं की सांगलीतल्या सिनेमात ते पाणी देण्याचं होतं का. नव्हतं म्हणाले, तर ती म्हणाली, मग तो सिनेमा अर्धाच असणार. मामांनी धोतराची घडी घातली, हुंगून बघितलं आणि जळका वास येतोय असं सांगितलं.

बघते आणि मग सांगते असं आत्या म्हणाल्या होत्या, बघून झालं, पण सांगेनात. जेवणं झाली, भांडी झाली. ह्यांनी एकदा विषय काढायचा प्रयत्न केला तर त्या उठून गोठ्यात गेल्या. हे माझ्याकडं बघून खांदे पाडून बसले. मला तर आत्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या ताटात मी भात जरा आपटूनच वाढला.

सकाळी त्या चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या आणि मी जाळ सारत होते. बाहेर मामांच्या आणि ह्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. आत्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"बेळगाव हितनं किती लांब हाय गं?"

मी म्हणाले, मिरजेतून गाडी मिळाली तर अर्धा दिवस. मला वाटलं कुणी पाहुणा येणार असेल.

"लढाईच्या आदी तुझा सासरा बेळगावला हुता," आत्या म्हणाल्या. "लढाईवर न्हवता, नुसता बेळगावला. जागा मिळाली हुती त्याला. येतीस का म्हनून निरोप धाडला हुता."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. मी जाळ सारायची थांबले. हे मी कधी ऐकलं नव्हतं. ह्यांनीही ऐकलं नसणार.

"आणि तुमच्या सासूबाई नाही म्हणाल्या?" मी विचारलं.

"न्हाई कुठं म्हनाली ती? न्हाई म्हनाली असती तर भांडले असते. ती गप बसली. आन् मग मी बी गप बसले." त्यांनी हाताला चिकटलेलं पीठ सोडवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "राती मी बी गप बसले हुते. मग निजले आन् मला तिचं तोंड दिसलं. मी गप बसनार न्हाई, पोरी. तू जा."

मी हो म्हणाले की काय म्हणाले ते आठवत नाही. रडले एवढं आठवतं, आणि त्यांनी मला रडू दिलं.